कविराजांची बहीण आणि डोमाची मिशी

३० ऑक्टोबर १९५५, रविवार

गुणवंतरावांचा गठ्ठा आला. चांद्याला कचेरीत कारकून असलेला हा माझा मित्र दरवर्षी दिवाळीआधी वाचून झालेली मासिकं सुतळीत बांधून पाठवतो. या वेळी एका हिंदी मासिकात चीनमधल्या एका फार मोठ्या कवीवर लेख आहे. कवी हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा. त्याचं नाव मी पाच वेळा मोठ्यानं म्हणून पाहिलं. पाचव्या वेळी माझी बायको प्रेमिला स्वयंपाकघरातून म्हणाली, "शिंक अडकली काय?" तेव्हा नाव सोडून दिलं. आम्ही त्यांना कविराज म्हणू.

लेखाच्या शेवटी दहा ओळी आहेत. कविराजांना एक धाकटी बहीण होती. तिच्याबद्दल कोणालाच काही माहीत नाही, नावसुद्धा नाही. त्या मुलखात तिच्या दोन आख्यायिका तेवढ्या सांगतात. पहिली अशी की ती भावाची शाईची वाटी रोज घरामागच्या तळ्यात धुवायची, म्हणून त्या तळ्यातले मासे काळे झाले. दुसरी अशी की भाऊ घर सोडून निघाला तेव्हा म्हणाला, "धानाची मळणी आटोपली की परत येतो." तो आला नाही. तेव्हापासून ती दर साली एक पेंडी न मळता तशीच ठेवायची. मळणी आटोपलीच नाही, तर भावाला उशीर झाला असं कोण म्हणेल?

हे वाचून माझे डोळे भरून आले. मग लगेच सुचलं की हेच आपलं मंडईचं नाटक!

२ नोव्हेंबर, बुधवार

पहिला अंक झाला. हात भराभर चालतो आहे.

नाटक चांगलं व्हायलाच हवं. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात आणि नाटकाशिवाय मंडईला मंडई कोणी म्हणत नाही. गेल्या साली माझ्या नाटकात दुसऱ्या अंकात राजा मेला आणि राजा मेला म्हणजे संपलं असं समजून लोक घरी गेले. अजून दोन अंक बाकी होते. यंदा असं झालं तर पुढच्या साली गाव वडशाहून कंपनी बोलावणार, असं पाटलांनी मला हसत हसत सांगितलं आहे. ते हसणं मला आवडलं नाही.

बहिणीच्या कामाला डोमाच. ढिवरांच्या वस्तीतला हा गडी दिवसभर तलावात जाळं टाकतो, हातापायाला मासळीचा वास, पण लुगडं नेसून उभा राहिला की बाया त्याच्याकडे पाहून पदर नीट करतात. अडचण मिशीची आहे. आजवर डोमानं मावश्या आणि सासवा केल्या, त्याही तोंडावर पदर ओढून. नायिकेला सगळे अंक पदर ओढता येत नाही.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज डोमाकडे गेलो. मिशीचं नाव काढताच त्यानं जाळं खाली ठेवलं.

"बाप जित्ता हाये न गुरुजी. मिशी कशी काढू?"

खरं आहे. आमच्याकडे बाप गेल्यावरच मुलगा मिशी उतरवतो. गावात कोणी बिनमिशीचा दिसला की लोक आधी विचारतात, "कधी गेले?" आणि बाप तर समोरच बसला होता. इतवारीबुवा सत्तरीचे असतील. उन्हाळ्यापासून खोकला लागला आहे, पण बोलणं अजून काठीसारखं.

मी विषय बदलला आणि नाटकाची गोष्ट सांगायला लागलो. शाईची वाटी ऐकून म्हातारा म्हणाला, "शाई धुतल्यानं मासा काळा होत नाई. मरळ असन ते. मरळ काळीच रायते." मी म्हणालो, ही आख्यायिका आहे. तो म्हणाला, "कायबी असो, मरळच हाये."

मग पेंडीची गोष्ट सांगितली. डोमा म्हणाला, "कित्ती सालं ठेवली पेंडी?"

"मरेपर्यंत."

"अन् भाऊ आलाच नाई?"

"लेखात तो येत नाही. मी नाटकात आणतो, पण ती गेल्यावर. शोकांतिका आहे ही."

म्हातारा उठून आत गेला. मला वाटतं त्याला शोकांतिका हा शब्द समजला नसावा.

५ नोव्हेंबर, शनिवार

प्रेमिला म्हणते, मी काल त्या घरात नको ती गोष्ट सांगून आलो. इतवारीबुवांची लेक गोकुळा नदीपार आरमोरीकडे दिली आहे. सहा सालांपूर्वीच्या मंडईत जेवताना जावई दादाजी गमतीनं म्हणाला की सासऱ्याचं जाळं आता म्हातारं झालं. म्हाताऱ्यानं सगळ्या पाहुण्यांदेखत त्याच्या पुढचं ताट उचललं. गोकुळा भरल्या ताटावरून उठली आणि म्हणाली, "आता तू मेल्यावरच या दारात पाय ठेवीन." बाप म्हणाला, "तवाच ये." तेव्हापासून ती आली नाही. डोमा दोनदा आणायला गेला, दोनदा एकटाच परत आला. दोघांनाही दिला शब्द मोडायचा नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण चीनचा आणि त्याचा काय संबंध? कलेकडे कला म्हणून पाहायला हवं. असं मी प्रेमिलाला सांगितलं. तिनं "हो न" म्हणून भाजी चिरायला घेतली.

९ नोव्हेंबर, बुधवार

नाटक पुरं झालं. शेवटी कविराज येतात, बहीण पेंडीजवळ मरून पडलेली, आणि कविराजांचं बेचाळीस ओळींचं भाषण. कविराज मीच.

वाईट बातमी म्हणजे वडशातल्या सगळ्या गॅसबत्त्या शेजारच्या गावानं आधीच नेल्या. मंडई दोन्ही गावांची एकाच दिवशी, १९ तारखेला. आमचं नाटक आता दिवसाउजेडी करावं लागणार. झाडीपट्टीत उन्हात नाटक केल्याचं मी कधी ऐकलं नाही. उन्हात डोमाची मिशी पदराखालूनही दिसेल. काय करावं कळत नाही.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

डोमानं मिशी उतरवली!

नुसती मिशी नाही, डोकंही. बुधू न्हाव्याच्या ओट्यावरून गुळगुळीत होऊन उठला तेव्हा मी तिथून चाललो होतो, तर मला ओळखूच आला नाही. मी म्हणालो, "अरे, मी फक्त मिशीचं म्हणालो होतो." तर म्हणाला, "टोप चांगला बसते गुरुजी." कलेसाठी इतकं करणारा माणूस या पंचक्रोशीत दुसरा नाही.

मला धास्ती इतवारीबुवांची होती. पण बुधू सांगतो की म्हातारा स्वतः सोबत आला होता, बाजूला बसून विडी ओढत होता आणि वस्तरा फिरत असताना एवढंच म्हणाला, "मागची शेंडी नीट ठेव. लोकायले समजलं पायजे." बुधूनं वस्तरा दोनदा खाली ठेवला म्हणे. जिवंत बापासमोर मुलाचं असं डोकं त्यानं आयुष्यात केलेलं नाही.

मी म्हाताऱ्याला भेटून आभार मानले. नाटकाबद्दल इतकी आस्था मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हती. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "तुमी लय शिकले गुरुजी." मला बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर, बुधवार. भाऊबीज

गोकुळा येत नाही म्हणून दरवर्षीप्रमाणे प्रेमिलानं डोमाला ओवाळलं. गुळगुळीत डोक्यावर टोपी ठेवून पाटावर बसला होता. प्रेमिला म्हणाली, "पुढच्या साली मले नको लावू कामाले." तो हसला. इतकं मोकळं हसताना मी त्याला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. तालीम चांगली चालली आहे, म्हणून असेल.

पेंडीच्या प्रवेशात मात्र तो एक चूक सारखी करतो. पेंडी उराशी धरून "माझा भाऊ येईल" असं म्हणायचं आहे. तो म्हणतो, "माझा भाऊ आणीन मले," म्हणजे भाऊच तिला माहेरी आणेल. तीनदा सुधारलं. तीनदा तेच.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

आज मी चिडलो आहे आणि ते लिहून ठेवतो. मंडई परवावर आली आणि डोमा तालीम सोडून बांगड्या आणायला आरमोरीच्या बाजाराला गेला. पहाटे निघाला, दिवस मावळता आला. पाच-सहा कोस जाणं, तेवढंच येणं. वडसा दोन कोसांवर, तिथे बांगड्यांची चार दुकानं! मी विचारलं, "आरमोरीच काऊन?" तर म्हणाला, "तिथी हिरव्या चांगल्या भेटते." आणल्या त्या लाल.

मी पुढे विचारलं, "कोणी भेटलं काय?" तर म्हणे नदीपारच्या ओळखीच्या बाया भेटल्या, त्यांनी डोकं पाहून विचारलं, "कधी?" मी घाबरून म्हणालो, "मग तू काय सांगितलंस? नाटक आहे म्हणून सांगायचं होतंस ना!" तर हा म्हणाला, "मी काईच नाई बोललो. मान खाली घातली अन् म्हटलं, मंडईच्या आत या." निमंत्रण द्यायची ही काय रीत? पण त्याचा भोळेपणा पाहून राग गेला.

इतवारीबुवांकडे एक मोठी मरळ लागली आहे. हातभर लांब. मडक्यात पाणी घालून जिवंत ठेवली आहे. मी मागितली तर म्हातारा म्हणाला, "हे नाई भेटत." पाहुणा नाही, सण नाही. डोमाची बायको माहेरी, रांधणारंही कोणी नाही. मी गुरुजी आहे हे तरी पाहायचं. प्रेमिलाला सांगितलं तर ती एवढी हसली की तिला बसावं लागलं.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहितो.

दुपारी मंदिरासमोर तालीम चालू होती. डोमा काही निमित्त सांगून घरी गेला होता. शिवेकडून रडण्याचा आवाज आला. बाईमाणसाचा, गळा काढून, नाव घेत रडणं. "माह्या बाबा गाऽऽ" एवढं कानी पडलं. आमच्या बाया अशा वेळी आधी जाऊन गळ्यात पडतात आणि कोण गेलं ते मग विचारतात. हां हां म्हणता दहा-बारा जणी रडत निघाल्या. मीही धावलो. पाहतो तर गोकुळा! मागे दादाजी, खांद्यावर नवा पांढरा दुपट्टा, सुतकात मुलाच्या डोक्याला बांधायला न्यायचा तसा.

म्हणजे इतवारीबुवा गेले! सकाळी तर मी त्यांना तलावाच्या पाळीवर पाहिलं होतं. दोन शब्द आपल्यालाच बोलावे लागतील, असं मनात येऊन मी चालता चालता ते जुळवायलाही लागलो. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

गोकुळा दाराशी पोचली. हात वर करून तिनं मोठा हंबरडा फोडायला घेतला आणि अर्ध्यावरच थांबली. नाक वर केलं. मागच्या बायाही थांबल्या. घरातून मासळीच्या रश्श्याचा वास येत होता.

"सुतकाच्या घरात मासा कोन रांधून राह्यलं?" गोकुळा म्हणाली.

"मी," आतून आवाज आला.

इतवारीबुवा हातात पळी घेऊन दारात आले. धुरानं डोळे लाल झालेले. मागे डोमा, गुळगुळीत, जमिनीकडे पाहत उभा.

गोकुळाचं तोंड आधी पांढरं पडलं, मग लाल झालं. "तू मेला नाई?"

"नाई."

"अन् ह्याचं डोस्कं?"

"नाटकाचं हाये ते. गुरुजीले इचार."

सगळे माझ्याकडे वळले. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? गोकुळानं डोमाच्या पाठीत दोन बुक्के घातले. त्यानं मुकाट्यानं खाल्ले. मग ती बापाकडे वळली, "मी म्हटलं होतं, तू मेल्यावरच येईन."

"हो न. तसंच समजून आली तू. तुहा शब्द राह्यला," म्हातारा म्हणाला. "अन् मी म्हटलं होतं तवाच ये. माहाबी राह्यला. आता हातपाय धू, रस्सा थंडा होते."

ती जागची हलेना. मग खाली बसली आणि पुन्हा रडायला लागली, पण या वेळी बायांपैकी कोणी साथ दिली नाही. दादाजी बिचारा दुपट्टा घेऊन अवघडून उभा होता. म्हातारा त्याच्यासमोर गेला, डोकं वाकवलं आणि म्हणाला, "जावईबापू, आणलाच हाये तं माह्याच डोक्याले बांधा." दादाजीनं बांधला. मग म्हाताऱ्यानं स्वतः त्याच्यासमोर ताट मांडलं आणि त्यानं खायला सुरुवात करेपर्यंत तिथून हलला नाही.

डोमाला नंतर बाजूला घेऊन चांगलं खडसावलं. एका बांगडीपायी केवढा अनर्थ झाला असता! कोणाचं काळीज थांबलं असतं म्हणजे? तो म्हणाला, "चुकलंच गुरुजी." मी क्षमा केली.

२० नोव्हेंबर, रविवार

काल मंडई झाली. नाटकही झालं, म्हणजे झालं असंच म्हणायला हवं.

ऊन असूनही गर्दी मावेना. शेजारच्या गावचं नाटक रात्री, त्यामुळे तिकडची माणसंही दिवसा आमच्याकडे आली. मी प्रेमिलाच्या जांभळ्या लुगड्याचा झगा आणि पुठ्ठ्याची टोपी घालून कविराज झालो होतो. पहिल्या अंकात लोक टोपीला हसले. शाईच्या वाटीवर इतवारीबुवा समोरून मोठ्यानं "मरळ हाये ते" म्हणाले. पण पेंडीच्या प्रवेशाला सगळं मैदान गप्प झालं. डोमा उन्हात पेंडी धरून उभा होता आणि या वेळीही म्हणालाच, "माझा भाऊ आणीन मले." समोर बसलेल्या गोकुळानं पदर तोंडात धरला.

शेवटचा प्रवेश. ती मरून पडलेली. मी आलो, पाहिलं, गुडघ्यांवर बसलो आणि बेचाळीस ओळी सुरू केल्या. अकराव्या ओळीला इतवारीबुवा उठले. डोक्याला तोच पांढरा दुपट्टा.

"अवो बाई," ते रंगमंचावरच्या प्रेताला म्हणाले, "ऊठ आता. तुहा भाऊ आला न."

मी खुणेनं बसा म्हणालो. ते बसले नाहीत. "येवढ्या लांबून आला तो. ऊठ वो."

मग गोकुळा म्हणाली, "ऊठ वो." मग तिच्याजवळच्या बाया. मग सगळं मैदान. हजारभर माणसं एका मेलेल्या चिनी बाईला उठवत होती. डोमानं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मी दातओठ खाऊन मान हलवली, नाही म्हणून. तो उठला. उठून बसला, माझ्या पायांना हात लावला, मग पेंडी घेतली आणि फळीवर आपटून झोडायला लागला. धान सगळ्या रंगमंचावर उडालं. भाऊ आला, मळणी आटोपली.

लोक रडत होते, हसत होते, टोप्या उडवत होते. पाटलांनी जाहीर केलं की पुढच्या सालीही नाटक गुरुजींचंच. माझ्या एकतीस ओळी पोटातच राहिल्या.

रात्री मी प्रेमिलाला म्हणालो, शोकांतिका बुडवली या लोकांनी. ती म्हणाली, "बुडवली तं बुडवली. तुम्ही रडत काऊन होते मग?" मी रडत होतो हे मला माहीत नव्हतं. आणि मान्य करतो की ती पेंडी झोडण्याची गोष्ट मला आयुष्यात सुचली नसती.

२१ नोव्हेंबर, सोमवार

विहिरीवर बाया एकमेकींना सांगत होत्या, "चीनमंधी एक बाई होती. भाऊ येयेपर्यंत मरून राह्यली. तो आला तशी उठली अन् धान झोडलं तिनं." मी थांबून सांगितलं की मूळ लेखात असं काही नाही. एक म्हातारी म्हणाली, "आमी डोयानं पाह्यलं गुरुजी."

गुणवंतरावांना पत्र टाकलं. लिहिलं की कविराजांच्या बहिणीची तिसरी आख्यायिका आता उपलब्ध आहे, आणि ती पहिल्या दोन्हींपेक्षा बरी आहे.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

आज गोकुळा निघाली. बंडीत तांदूळ, सुकी मासळी, दादाजीसाठी म्हाताऱ्यानं स्वतः विणलेलं नवं जाळं. गाव शिवेपर्यंत पोचवायला गेलं, मीही गेलो. डोमा बंडीसोबत पुढे चालत होता, तो तिला घरापर्यंत सोडून येणार. नाटकानंतरच्या तीन दिवसांत मिशीची जरा सावली आली आहे.

शिवेवर बंडी थांबली. इतवारीबुवा बराच वेळ बैलाची मान खाजवत राहिले. खोकल्याची उबळ आली, ती जिरू दिली. मग लेकीकडे न पाहता म्हणाले, "पुढच्या मंडईले येजो."

"येईन."

"मी जित्ता असलो तरी येजो."

बंडीतून वाकून तिनं बापाच्या डोक्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि हात तिथेच ठेवला. बैल आपणहून चालायला लागेपर्यंत तो हात तिथेच होता.

परतताना मी म्हाताऱ्याला समजावलं की अशा वेळी "मी नसलो तरी ये" असं म्हणतात, तुम्ही उलटं म्हणालात. तो थांबला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चाला गुरुजी, घरी जरासा रस्सा उरला हाये." सहा सालांत त्यानं मला पहिल्यांदाच जेवायला बोलावलं. मी गेलो आणि पोटभर जेवलो.